सुई नवीनच होती, मग कान का चिघळला?

उंबरठा

नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होते. आज लिहायला बसले त्याचं कारण माझ्या उजव्या कानावर आहे.

पाच आठवड्यांपूर्वी कानाच्या वरच्या कडेला टोचून घेतलं. पाळीला नव्हे, वर, कूर्चेत (कानाच्या लवचिक, मऊ हाडात). जायच्या आधी हाताला लागेल ते सगळं वाचलं होतं: सुई नवी आहे का बघा, पाकीट समोर फोडायला लावा, ग्लोव्हज घातलेत का बघा. जागा चकचकीत होती. टोचायला गन वापरली, म्हणजे स्टड (टोकदार कुडी) झटक्यात कानात घुसवणारं हातयंत्र. स्टडचं पाकीट माझ्यासमोर फोडलं, मी मनातल्या मनात बरोबरची खूण केली. त्याआधी एका बाटलीतून कानावर काहीतरी फवारलं, स्टडवरही फवारलं. दोन मिनिटांत काम झालं.

चौथ्या दिवशी कान लाल आणि गरम. सहाव्या दिवशी पाळी सोडून बाकीचा अख्खा कान सुजून पुढे आला. जवळच्या डॉक्टरांनी नेहमीचं अँटिबायोटिक दिलं, पाच दिवस घेतलं, ढिम्म फरक नाही. मग कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी चीर देऊन पू काढला आणि तपासायला पाठवला. स्युडोमोनास नावाचा जंतू निघाला, औषध बदललं, सूज उतरली. पण कानाची कड जराशी आत मुडपली आहे. ती आता तशीच राहणार म्हणाले.

परत जाऊन विचारलं तर उत्तर मिळालं, "आमच्याकडे सगळं नवीनच वापरतो, तुम्हीच घरी काळजी घेतली नसेल." पाकीट फोडलेलं मी स्वतः पाहिलंय, त्यामुळे त्यांना खोटंही म्हणता येत नाही. मग हे आलं कुठून? भांडण काढायचं नाहीये, समजून घ्यायचंय. जागेचं नाव कृपया विचारू नका.

टिंबटिंब

वाईट वाटलं वाचून. मी जंतू वाढवण्याच्या धंद्यात आहे (प्रयोगशाळेत, गैरसमज नको). स्युडोमोनास ऐकल्यावर माझं लक्ष सुईकडे जातच नाही, पाण्याकडे जातं. सिंकची जाळी, नळाचं तोंड, ओला स्पंज, अर्धवट भरलेली बाटली, ओल असेल तिथे हा सुखाने राहतो.

तुमच्या गोष्टीशी जवळजवळ तंतोतंत जुळणारी एक घटना नोंदलेली आहे. २००० साली अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यात दागिन्यांच्या एका छोट्या स्टॉलवर कान टोचून घेतलेल्या ११८ जणांपैकी ७ जणांना याच जंतूचा संसर्ग झाल्याचं सिद्ध झालं, आणखी १८ जणांना झाल्याचा संशय होता. तिथेही गन. तिथेही वरची कूर्चा. शोध घेतल्यावर जंतू सापडला तो जंतुनाशकाच्या फवाऱ्याच्या बाटलीत आणि जवळच्या सिंकमध्ये. बाटली एकदा वापरून टाकून द्यायची होती, ती पुन्हा पुन्हा भरली जात होती. काहींचे कान कायमचे वेडेवाकडे झाले. आणि बहुतेकांना सुरुवातीला दिलेलं औषध या जंतूवर चालणारं नव्हतं, तेही तुमच्यासारखंच.

तुमच्या बाबतीत बाटलीच होती असं मी इथे बसून सांगू शकत नाही. पण मला विचारायची वेळ आली असती तर पहिला प्रश्न सुईचा नव्हे, बाटलीचा विचारला असता.

कूटप्रश्न

एक मिनिट. जंतुनाशकाच्या बाटलीत जंतू? मग ते जंतुनाशक कसलं?

टिंबटिंब

प्रश्न रास्त आहे. काही जंतुनाशकं पाणी घालून पातळ केली की स्युडोमोनासला मारण्याइतकी तीव्र उरत नाहीत. तळाशी उरलेल्यातच नवीन ओतत राहिलं की बाटलीच्या आत जंतूंचा बुळबुळीत थर धरतो आणि त्या थराच्या आड ते वाचतात. शिवाय जंतू मारायचे तर प्रत्येक जंतुनाशक ठरावीक वेळ ओलं राहावं लागतं. फवारलं आणि लगेच पुसलं, की झालं फक्त ओलं करून पुसणं.

कूर्चेबद्दलही सांगतो, कारण "पाळी टोचली तेव्हा काही झालं नाही, मग वर टोचलं तर काय" हे हमखास ऐकू येतं. पाळीत रक्तवाहिन्या भरपूर. कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्याच नाहीत, वरच्या पातळ आवरणातून झिरपेल तेवढ्यावर ती जगते. आवरण आणि कूर्चा यांच्यामध्ये पू साठला की आवरण सुटतं आणि खालची कूर्चा उपाशी मरते. मेलेली कूर्चा परत येत नाही. म्हणून कानाचा वरचा भाग सुजला, दुखला आणि पाळी मात्र ठीक आहे, असं दिसलं तर तो त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा प्रकार आहे. जाताना "कूर्चेत टोचलंय" हे आपणहून सांगायचं, औषध त्यावर ठरतं.

सदाफुली

बापरे. माझी लेक सोळा वर्षांची आहे, नाभीजवळ टोचून घ्यायचं म्हणून दोन महिने मागे लागली आहे. तिला हा धागा वाचायला देते.

रातपाळी

मी रुग्णालयात शस्त्रक्रियेची हत्यारं निर्जंतुक करणाऱ्या विभागात आहे. थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

आधी गन. तिचा बराचसा भाग प्लॅस्टिकचा असतो, ऑटोक्लेव्हमध्ये (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्रात) घातला तर वितळेल. म्हणजे ती खऱ्या अर्थाने निर्जंतुक होऊच शकत नाही, फार तर पुसली जाते. स्टड नवा असला तरी आधीच्या माणसाच्या रक्ताचे बारीक तुषार गनच्या तोंडाशी असू शकतात, डोळ्यांना न दिसणारे. दुसरं म्हणजे स्टडचं टोक सुईच्या मानाने बोथट. सुई कापत जाते, स्टड धक्क्याने घुसतो. पाळी तो धक्का पचवते, कूर्चा चेचली जाते. चेचलेल्या मांसात जंतूंचं फावतं.

आता ऑटोक्लेव्ह. "आमच्याकडे ऑटोक्लेव्ह आहे" हे वाक्य आणि "आमची हत्यारं निर्जंतुक आहेत" हे वाक्य एकच नाही. दाबाखालची वाफ १२१ अंशांवर १५ ते ३० मिनिटं, किंवा १३४ अंशांवर ३-४ मिनिटं, प्रत्येक पृष्ठभागाला भिडली पाहिजे. त्यात रक्त वाळलेलं हत्यार न धुता घातलं तर रक्त भाजून निघतं आणि खालचे जंतू वाचू शकतात. त्यामुळे घासणं-धुणं आधी, वाफ नंतर. पोकळ नळीसारख्या वस्तूत हवा अडकून बसते. तिथे आधी हवा ओढून काढणारं यंत्र लागतं, साधं चालत नाही.

आणि पाकिटावरची ती रंग बदलणारी पट्टी! सगळ्यांना तीच दाखवतात. ती एवढंच सांगते की पाकीट गरम यंत्रातून जाऊन आलं. जंतू मेले का, ते ती सांगत नाही. त्यासाठी बीजाणूंची (जंतूंच्या कठीण कवचातल्या, चिवट रूपाची) चाचणी असते. जिओबॅसिलस स्टिअरोथर्मोफिलस नावाच्या, उकळत्या पाण्याला भीक न घालणाऱ्या जंतूचे बीजाणू सामानाबरोबर आत ठेवतात आणि नंतर ते वाढतात का बघतात. नाही वाढले तर यंत्र काम करतंय. या चाचणीची वही असते. मी कुठे गेले तर वही मागते. चेहऱ्यावरून कळतंच.

निळ्या (यूव्ही) दिव्याचं काचेचं कपाट दिसलं तर ते शोभेचं समजा. दिव्याचा प्रकाश जिथे पडतो तिथेच पडतो, मागे, खाली, सांध्यात काही नाही. उकळत्या पाण्याने बीजाणू मरत नाहीत. स्पिरिटमध्ये बुडवलेल्या चिमट्याचंही तेच.

माजघर

वाचनखूण साठवली. रातपाळी, तुमचं "चेहऱ्यावरून कळतंच" वाचून हसू आलं.

शाईवाला

अकरा वर्षं टॅटू करतोय. धागा उघडला तेव्हा वाटलं, आता आम्हाला झोडपणार. पण उंबरठाताई, तुमचा प्रश्न बरोबर आहे आणि त्याचं उत्तर आमच्या धंद्यातल्या माणसाने द्यायला हवं.

सुई हा आमच्याकडचा सगळ्यात सोपा भाग आहे. बंद पाकिटात येते, वर बॅच नंबर आणि मुदत छापलेली असते, वापरली की धारदार कचऱ्याच्या डब्यात. यात चुकायला डोकं लागतं. चुका होतात त्या हाताच्या. ग्लोव्हज घातले, काम सुरू केलं, मध्येच फोन वाजला, उचलला. दिव्याची मान वळवली. ड्रॉवर उघडून आणखी एक शाईची बाटली काढली. परत त्याच ग्लोव्हजनी कातडीवर. आता त्या ड्रॉवरच्या मुठीवर रक्त आहे आणि उद्या सकाळी मी ती मूठ उघड्या हाताने धरणार आहे. ग्लोव्हज कुणाचं रक्षण करतात? तेवढा वेळ फक्त माझं. मी स्वतः पहिली दोन वर्षं असंच करायचो, कुणी टोकलं नाही. आता काम सुरू करण्यापूर्वी लागेल ते सगळं मांडून ठेवतो, आणि मध्ये कशालाही हात लावावा लागला तर ग्लोव्हज बदलतो. एका मोठ्या कामाला आठ-दहा जोड्या सहज जातात.

कार्ट्रिजमध्ये (मशीनला लावायच्या सुईच्या नळकांड्यात) आत एक पातळ पडदा असतो. तो नसलेली स्वस्त कार्ट्रिज मिळतात. त्यात शाई आणि रक्त उलटं चढून मशीनच्या आत जातं. सुई बदलली, मशीन तेच. मशीनवर, तारेवर, फवाऱ्याच्या बाटलीवर प्लॅस्टिकचं आवरण दर गिऱ्हाइकाला नवं लागतं. शाई छोट्या टोपणात काढून घ्यायची, उरलेली फेकायची, बाटलीत परत ओतायची नाही. व्हॅसलिन डबीतून बोटाने नाही, नव्या पट्टीने काढायचं. रेझर एकदाच. स्टेन्सिल (नक्षीचा छापा) कातडीवर चिकटवायला काही जण डिओडरंटची कांडी थेट कातडीवर फिरवतात, तीच कांडी सगळ्यांना! हे दिसलं तर उठून या.

आणि पाणी. करड्या छटांसाठी काळी शाई पातळ करतात. कशाने? नळाच्या पाण्याने करणारे आहेत. बाटलीतल्या डिस्टिल्ड पाण्याने करणारे आहेत आणि त्यांना वाटतं हे शुद्ध. डिस्टिल्ड म्हणजे क्षार काढलेलं, निर्जंतुक नव्हे.

टिंबटिंब

शाईवाला, शेवटच्या मुद्द्याला कडक सॅल्यूट. २०११-१२ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टरमध्ये एकाच आर्टिस्टकडे टॅटू केलेल्या १९ जणांच्या अंगावर करड्या भागातच पुरळ उठलं. स्वच्छता ठीक होती. कारण निघालं तयार करड्या शाईत, कारखान्यातच डिस्टिल्ड पाणी घालून पातळ केलेल्या. जंतू होता मायकोबॅक्टेरियम चेलोनी, क्षयाच्या जंतूचा लांबचा भाऊबंद, पाण्यात राहणारा. याचं पुरळ लगेच येत नाही, एक ते तीन आठवडे जातात. टॅटू बरा झाला म्हणून माणूस निर्धास्त असतो तेव्हा बारीक लाल पुटकुळ्या उठतात. नेहमीची अँटिबायोटिक चालत नाहीत, उपचार महिनोन्‌महिने.

बंद बाटलीवरही डोळे मिटून विश्वास नको. २०२४ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या शास्त्रज्ञांनी १४ उत्पादकांच्या ७५ सीलबंद शाया तपासल्या, २६ मध्ये जंतू निघाले. त्यात "निर्जंतुक" असं लेबल असलेल्याही होत्या.

बोरू

माझ्या टॅटूला तीन आठवडे झाले. फक्त लाल रंगाचा भाग खाजतोय आणि उचलून आलाय, काळा अगदी सपाट. हे तेच का?

टिंबटिंब

एकाच रंगापुरतं असेल, ताप-पू नसेल, तर शाईच्या रंगद्रव्याची ॲलर्जी जास्त संभवते, आणि लाल त्यात सगळ्यात बदनाम. पण दुरून सांगणं बरं नाही. त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा, लागलं तर ते बारीक तुकडा काढून तपासतील. तोवर घरात पडलेलं स्टेरॉइडचं मलम चोपडू नका. ॲलर्जी असेल तर बरं वाटेल, जंतू असेल तर त्याचं फावेल.

कूटप्रश्न

माहिती छान आहे पण थोडं घाबरवणं चाललंय असं वाटतं. कोट्यवधी लोक टोचून घेतात, गोंदवून घेतात, त्यातल्या बहुतेकांना काहीही होत नाही. आणि सगळ्यांना खरी भीती एचआयव्हीची असते, त्यावर कुणी बोललंच नाही.

रातपाळी

कूटप्रश्न, बरोबर आहे, बहुतेकांना काही होत नाही. पण भीती चुकीच्या जागी आहे.

आमच्याकडे कर्मचाऱ्याला रुग्णाची वापरलेली सुई टोचली तर धोक्याचे आकडे पाठ असतात. रुग्णाला एचआयव्ही असेल आणि कुठलंही औषध घेतलं नाही तर लागण होण्याची शक्यता साधारण ०.३ टक्के. हेपॅटायटिस सी (यकृताला सूज आणणारा विषाणू, बी हा त्याच्याच जातकुळीतला आजार) असेल तर जुन्या आकड्यांनुसार १.८ टक्के. हेपॅटायटिस बी असेल आणि लस घेतलेली नसेल तर ६ ते ३० टक्के. म्हणजे ज्याला घाबरतो तो या रांगेत शेवटचा. एचआयव्ही शरीराबाहेर फार तग धरत नाही. बी चा विषाणू वाळलेल्या रक्तात, टेबलावर, मुठीवर निदान सात दिवस जिवंत राहतो, आणि रक्त डोळ्यांना दिसलंच पाहिजे असं नाही. शाईवाल्यांची ती ड्रॉवरची मूठ आठवा. हे आकडे पोकळ सुईचे आहेत, टॅटूला जसेच्या तसे लावू नका. क्रम मात्र लक्षात ठेवा.

बी ला लस आहे. तीन डोस, ०, १ आणि ६ महिन्यांनी. टॅटू काढायचा बेत सहा महिने आधी ठरवणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही, पण लस घेऊन ठेवायला बेत कशाला हवा? टोचणाऱ्यांनी तर घ्यायलाच हवी. सी ला लस नाही, पण आता ८ ते १२ आठवड्यांच्या गोळ्यांनी ९५ टक्क्यांहून जास्त लोक बरे होतात. अट एकच, आहे हे कळायला हवं.

अवांतर: न्यूयॉर्क शहरात १९६१ ते १९९७ टॅटूवर बंदी होती, कारण दिलं होतं हेपॅटायटिस बी. बंदीच्या काळात टॅटू थांबले नाहीत, बंद दाराआड गेले. बंद दाराआड वही कोण मागणार?

शाईवाला

रातपाळींना +१. अभ्यासही तेच दाखवतात की सी चा धोका ठळक दिसतो तो तुरुंगात किंवा मित्राच्या खोलीवर केलेल्या टॅटूंत. नीट स्टुडिओत तो तेवढा स्पष्ट दिसत नाही. "घरी येऊन करून देतो, निम्म्यात" म्हणणाऱ्यांपासून लांब राहा. २००४-०५ मध्ये अमेरिकेत परवाना नसलेल्या १३ जणांकडे टॅटू केलेल्या ४४ लोकांना एमआरएसए, म्हणजे नेहमीच्या औषधांना न जुमानणारा स्टॅफ नावाचा जंतू, याचा संसर्ग झाल्याची नोंद आहे.

सदाफुली

लेकीने वाचलं. म्हणते, "गन नाही, सुईनेच करू, मग चालेल ना?" मी काय सांगू? आणि टोचल्यावर तो दागिना फिरवत राहायचा ना, चिकटू नये म्हणून?

शाईवाला

ताई, फिरवायचा नाही! हा सगळ्यात चिवट गैरसमज आहे. फिरवला की कडेची खपली आत ओढली जाते आणि आत तयार होत असलेली नवी कातडी फाटते. निर्जंतुक सलाइन (मिठाचं पाणी), ०.९ टक्क्यांचं, दिवसातून दोनदा, आणि बाकी वेळ हात लावायचा नाही. स्पिरिट नाही, हायड्रोजन पेरॉक्साइड नाही, दोन्ही नव्या पेशींनाच जाळतात.

नाभीला वेळ लागतो, सहा महिने ते वर्ष. पाळीला सहा-आठ आठवडे. कपड्याचा काठ रोज घासला जातो तिथे जखम वर्षभर सांभाळायची तयारी आहे का, हे तिला विचारा. सोळाव्या वर्षी सुईपेक्षा हा प्रश्न अवघड जाईल. बहुतेक ठिकाणी पालकांची सही लागेल, काही जण अठराच्या आत करतच नाहीत.

दागिना इम्प्लांट दर्जाच्या टायटॅनियमचा मागा, एएसटीएम एफ-१३६ असं लिहिलेला. स्वस्त धातूत निकेल असतं. निकेलने लाल होऊन पाणी यायला लागलं की लोक जंतू समजून औषधं घेत बसतात. आणि सुरुवातीची दांडी थोडी लांब हवी, सूज येते तेव्हा जागा लागते. आखूड असेल तर दांडीचं टोक मांसात रुततं.

रातपाळी

यात एक भर. पहिले दोन-तीन दिवस लालसरपणा, थोडी ऊब, फिकट पिवळसर पाणी आणि वाळलेली खपली, हे नेहमीचं आहे. तिसऱ्या दिवसानंतर दुखणं कमी व्हायच्या ऐवजी वाढलं, लाली पसरत गेली, जखमेपासून लाल रेघ निघाली, हिरवट किंवा वास मारणारा पू आला, ताप आला, तर डॉक्टर. आणि घाबरून दागिना स्वतः काढू नका. भोक वरून मिटतं, पू आत कोंडतो. काढायचा की नाही ते डॉक्टरांना ठरवू द्या.

पोहणंही बंद. २०१७ मध्ये एक प्रकरण प्रसिद्ध झालं होतं. यकृताचा आजार असलेला ३१ वर्षांचा माणूस टॅटूनंतर पाच दिवसांनी समुद्रात उतरला, व्हिब्रिओ व्हल्निफिकस नावाचा जंतू जखमेतून आत गेला आणि तो दगावला. निरोगी माणसाचं सहसा असं होत नाही, पण यकृताचा आजार, मधुमेह, हृदयाच्या झडपेचा दोष असेल तर टोचण्याआधी आपल्या डॉक्टरांशी बोला. झडपेचा दोष असणाऱ्यांनी जिभेच्या वाटेला तर जाऊच नये. तोंडातले जंतू रक्तात जातात आणि झडपेवर बसतात.

उंबरठा

सगळ्यांचे मनापासून आभार. काल परत गेले होते. या वेळी सुईबद्दल चकार शब्द काढला नाही. नेहमीची बाटली समोरच होती. विचारलं, "ही कधी धुता?" तो मुलगा खरोखर गोंधळला. म्हणाला, "धुवायची कशाला? आत जंतुनाशकच असतं. संपत आली की वरून भरतो." वाईट मुलगा नाही. त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. टिंबटिंब यांनी लिहिलेलं सगळं त्याला वाचून दाखवलं. मालक नव्हते. आरोग्य विभागाकडे तक्रारअर्ज लिहून ठेवलाय, मालकांना एकदा भेटून मग देईन.

टिंबटिंब

अर्ज द्याच. तुमचा पूतपासणीचा अहवाल जोडा. त्याच काळात आणखी कुणी आलं असेल तर दोन्ही जंतू एकच आहेत का ते ताडून पाहता येतं. आणि बाटली फेकू नका म्हणावं, रिकामीही करू नका.

कूटप्रश्न

मी वर घाबरवू नका म्हणालो होतो. खरं सांगायचं तर माझ्या दंडावर कॉलेजात असताना मित्राने खोलीवर केलेला टॅटू आहे. सहा जणांचे झाले त्या रात्री, सुया दोनच होत्या. नऊ वर्षं झाली, मला काहीही होत नाही. तरी तपासून घ्यावं का?

रातपाळी

घ्या. बी आणि सी दोन्ही वर्षानुवर्षं गप्प राहतात, तेवढ्या वेळात यकृताचं काम चालू असतं त्यांचं. हेपॅटायटिस बी चं पृष्ठप्रतिजन (HBsAg), सी चं प्रतिपिंड (अँटीबॉडी) आणि एचआयव्ही, तिन्ही एकाच रक्तात होतात. नऊ वर्षं झालीत, त्यामुळे लवकर तपासल्यामुळे चुकायची भीती नाही. बी निगेटिव्ह आलं तर लस सुरू करा. आणि बाकीच्या पाच जणांनाही कळवा.

कूटप्रश्न

पाचही जण एका ग्रुपवर आहेत. धागा टाकलाय तिथे. उद्या सकाळी जातोय, उपाशीपोटी जावं लागतं का?

रातपाळी

नाही, या तपासण्यांना लागत नाही. खाऊन जा.